पळीभर तेल

चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत पाटण नावाचं गाव आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांना ते ठाऊक असतं. याच पाटणला 1207 साली कोरलेला एक शिलालेख सापडला. गणित शिकवणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांना मदत करू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ पुढच्या पिढ्यांना शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ स्थापन केला. भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 1150 साली, सिद्धान्तशिरोमणी लिहून पूर्ण केला होता. म्हणजे अर्धशतक उलटून गेल्यावर नातवाला काळजी वाटली की हे शिकवणारं आणि शिकणारं कोणी राहील ना? तिथल्या निकुंभ घराण्यातला सोईदेव पुढे आला आणि त्याने मठाला दान दिलं.

लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. त्यात राजघराण्यांची आणि भास्कराचार्यांच्या कुळाची वंशावळ आहे, त्यांच्या विद्वत्तेची स्तुती आहे. शेवटी मात्र लेख मराठीत येतो, कारण तिथे व्यवहार सुरू होतो. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यातला राजाचा वाटा मठाला द्यायचा. गावात जितके घाणे चालतील तितक्यांनी घाण्यामागे पळी पळी तेल द्यायचं. ज्यांनी हे द्यायचं होतं त्या वाण्या-तेल्यांना ते कळायला हवं होतं.

मला त्या लेखातली पळी फार मोलाची वाटते. सोईदेवाला एकदाच मोठी थैली देऊन मोकळं होता आलं असतं. पण दान लिहिणाऱ्याने विचार केला तो मठाच्या रोजच्या दिवसाचा. दिव्याला तेल रोज लागतं, फोडणीला रोज लागतं. घाणे फिरतायत तोवर ते येत राहील, आणि कोणा एकावर भार पडणार नाही. गणिताच्या शाळेला आधार कसा द्यायचा याचा इतका नेमका विचार आठशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात झालेला आहे.

मी स्वतः गणित शिकवत नाही. जालन्यात बँकेत नोकरी केली, निवृत्त झाले आणि शहरातल्या रविवारच्या गणिताच्या वर्गाला हातभार लावू लागले. आठवी, नववी, दहावीची मुलं येतात. शिकवणाऱ्यांत जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी आहेत, कॉलेजातल्या एक प्राध्यापिका आहेत, रोलिंग मिलमधला एक इंजिनिअर आहे, बियाणं कंपनीत सांख्यिकीचं काम करणारा एक तरुण आहे. जालन्यात स्टील आणि बियाणं या दोन धंद्यांनी बाहेरून बरीच शिकलेली माणसं आणली, त्यांतली काही अशी रविवारी सापडतात. शिकवायचे पैसे कोणी घेत नाही. मुलांकडून फी घेत नाही. एका शाळेने रविवारपुरत्या दोन खोल्या दिल्या आहेत.

वर्गाला काय लागतं असं शिकवणाऱ्याला विचारलं तर तो सांगतो, फळा, खडू आणि चांगली उदाहरणं. त्याने तेवढंच पाहावं, हेच बरं. बाकीचं आम्ही दोघी-तिघी पाहतो. शनिवारी संध्याकाळी शिपाईमामांकडून खोलीची किल्ली आणायची. पाण्याचा जार सांगून ठेवायचा. उदाहरणांचे कागद झेरॉक्स करायचे. साडेअकराला पोहे. गावाहून येणाऱ्यांना भाड्याचे पैसे. आणि जो आला नाही त्याच्या घरी फोन.

यातलं फोनचं काम सगळ्यात महत्त्वाचं आहे, असं माझं मत आता पक्कं झालं आहे. आमची बरीचशी मुलं अशा घरातून येतात की जिथे शाळेतून फोन आला म्हणजे काहीतरी बिनसलं असं समजतात. सुरुवातीला आई-वडील घाबरून विचारायचे, "काय केलं जी पोरानं?" काही केलं नाही, तो आला नाही म्हणून विचारते, असं सांगितलं की पलीकडे थोडा वेळ कोणी बोलत नसे. मग खरं कारण निघे. ताप आहे, लग्न आहे, कापूस फुटलाय, भाड्याला पैसे नाहीत. शेवटचं कारण मात्र सहसा तसं सांगितलं जात नाही. "त्याला काम हाय" असं येतं. ते ओळखायला मला वेळ लागला, पण आता आवाजावरून कळतं.

भाड्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्या वर्गाचा जीव त्यात आहे. जालना जिल्हा 1 मे 1981 ला झाला. त्याचे आठ तालुके आहेत. परतूर, रांजणी, बदनापूर ही गावं रेल्वेच्या मार्गावर आहेत, तिकडची मुलं कमी पैशात येतात. भोकरदन, जाफ्राबाद, मंठा, घनसावंगी, अंबड इकडच्यांना एसटीशिवाय गत नाही. जालना–जळगाव रेल्वेला ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने मंजुरी दिली, भोकरदनकडची मुलं तिचा विषय मोठ्या आशेने काढतात. शाळेचा सवलतीचा पास घर ते शाळा एवढ्याच मार्गाचा असतो. रविवारी जालन्याला यायचं तर तिकीट काढावं लागतं.

मार्च 2023 मध्ये एसटीत बायका-मुलींना अर्धं तिकीट झालं आणि त्याचा आमच्या वर्गावर असा परिणाम झाला जो मी अपेक्षिला नव्हता. मंठ्याकडच्या एका घरात बहीण-भाऊ दोघं शिकणारे. आधी भाऊ यायचा. घरात एकाच्याच भाड्याची सोय होती आणि एकच जायचा तर मुलगा, हे कोणी बोलूनही दाखवलं नव्हतं. अर्धं तिकीट झाल्यावर आईने हिशेब केला आणि मुलगी येऊ लागली. महिनाभर भाऊ घरी राहिला. मग आम्ही दोघांचंही भाडं द्यायला लागलो तेव्हा दोघं येऊ लागली. पण ती मुलगी पहिल्यांदा आली ती आईच्या त्या हिशेबामुळे.

तिचाच एक रविवार सांगते. बियाणं कंपनीतल्या सरांनी फळ्यावर खेळ मांडला. तीन अंकी कोणतीही संख्या घ्या, पहिला आणि शेवटचा अंक सारखा नको. ती उलटी लिहा, मोठीतून लहान वजा करा. जी वजाबाकी येईल ती पुन्हा उलटी लिहून तिच्यातच मिळवा. कोणी 732 घेतले. 732 मधून 237 गेले, 495 राहिले. 495 आणि 594 मिळून 1089. कोणी 851 घेतले. 693 आणि 396 मिळून तेच, 1089. दोन्ही खोल्यांमधून तोच आकडा ऐकू यायला लागला. मागच्या बाकावरचा घनसावंगीकडचा एक मुलगा, जो तोवर कधी आपण होऊन बोलला नव्हता, उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ह्यो तर गुंठा हाय."

शहरातल्या मुलांना कळेना. मग तो फळ्यापाशी गेला. 33 फूट लांब, 33 फूट रुंद, 1089 चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे 40 म्हणजे एकर, 43,560 चौरस फूट. त्याच्या घरी भावकीत वाटण्या झालेल्या, मोजणी त्याने बांधावर उभं राहून पाहिलेली. लगेच दुसरा उठला. त्यांची मोसंबीची बाग, लागवड 18 बाय 18 फुटांवर. झाडामागे 324 चौरस फूट, म्हणजे एकरात 134 झाडं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे हे त्याने जाता जाता ऐकवलं. पुढचा काही वेळ गणित त्या पोरांच्या शेतात चाललं होतं आणि सर फळ्याच्या बाजूला भिंतीला टेकून ऐकत होते.

मग त्यांनी विचारलं, खेळातला 1089 आणि गुंठ्याचा 1089 यांचं काही नातं आहे का, की योगायोग? कोणी सांगेना. सरांनी उत्तर दिलं नाही. प्रत्येकाची वजाबाकी फळ्यावर मांडायला सांगितली. 198, 297, 396, 495, 594, 693, 792, 891. हा 99 चा पाढा आहे हे दोन-तीन मिनिटांत एका मुलाने ओळखलं. दुसऱ्याने पाहिलं की टोकाच्या दोघी एकमेकींच्या उलट आहेत: 198 आणि 891, 297 आणि 792, तशाच आत येत जा. 99 दोनदा आणि 99 नऊदा, मिळून अकरा वेळा. 99 तीनदा आणि आठदा, पुन्हा अकरा वेळा. म्हणून दर वेळी 99 गुणिले 11. आणि 99 म्हणजे 33 च्या तिप्पट. ते तीन अकराला दिले की 33 गुणिले 33. गुंठा!

तेव्हा मंठ्याची मुलगी हात वर करून म्हणाली, "माझं नाही आलं." तिने 433 घेतले होते. 433 मधून 334 गेले, 99. उलटे केले तरी 99. बेरीज 198. दोघा-तिघांनी तिला सांगितलं, तुझी वजाबाकी चुकली. तिने वही पुढे केली, वजाबाकी बरोबर होती. तिला रडू येईल असं मला वाटलं, पण ती फळ्यावरच्या जोड्यांकडे पाहत उभी राहिली. तिने विचारलं, "सर, ह्या पाढ्यात पहिले 99 च नाहीत. त्यांची जोडी कुठंय?" अकरा वेळा व्हायला हवं तर 99 एकदा, आणि जोडी दहा वेळा, 990. मग तिचं तिलाच सापडलं. खेळ तीन अंकी आहे ना, मग वजाबाकीही तीन अंकी लिहायची: 099. उलटी केली की 990. बेरीज 1089.

सरांनी खडू तिच्या हातात दिला आणि पूर्ण सिद्धता तिच्याकडून लिहून घेतली. मी पोह्याची पातेली घेऊन दारात उभी होते. त्या दिवशी पोहे गार झाले आणि कोणाला काही वाटलं नाही. मी पूर्वी कर्जखाती पाहायचे. पैसा कुठे लागला आणि त्याचं काय झालं हे शोधणं हा माझा धंदा होता. त्या अर्ध्या तिकिटाचं काय झालं हे मी डोळ्यांनी पाहिलं.

याच रविवारांमध्ये मुलांना द. रा. कापरेकर भेटतात. डहाणूला 1905 साली जन्मलेले, देवळालीला शाळेत शिकवणारे मास्तर. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहायचे, चढत्या क्रमाने लिहायचे, वजा करायचं, आलेल्या संख्येचं पुन्हा तेच. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 ला येता. आम्ही मुलांना जिल्ह्याच्या जन्मसालापासून सुरू करायला सांगतो. 1981 वरून 8622, मग 6354, 3087, 8352, आणि 6174. पाचव्या पायरीला पोचतो. मुलं आपापलं जन्मसाल घेऊन बसतात, मग आईचं, मग बापाचं. तीन अंकी संख्यांना असाच मुक्काम आहे, 495. दोन अंकी संख्यांना मात्र मुक्काम नाही. 81, 63, 27, 45, 9 आणि परत 81, असं त्या गोल फिरत राहतात. हे त्यांना आपण होऊन सापडू द्यायचं, सांगायचं नाही, असा शिकवणाऱ्यांचा दंडक आहे.

कापरेकरांबद्दल मुलांना अभिमान वाटतो. मला अभिमानाबरोबर थोडं दुःखही होतं. त्यांना संशोधनाची जागा नव्हती, विद्यापीठाचा आसरा नव्हता. त्यांनी आपलं बरंचसं काम स्वतः पुस्तिका छापून लोकांपुढे ठेवलं. 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. तोवर ते सत्तरीचे झाले होते. देवळालीच्या आसपास तेव्हा घाणे काही कमी नसतील.

दुसरं नाव मी स्वतः मुलांना सांगते, कारण ते माझ्या कामाच्या जवळचं आहे. बेला सुब्बोतोव्स्काया. मॉस्कोतल्या गणितज्ञ. 1970 च्या दशकात मॉस्को विद्यापीठाच्या गणित विभागात ज्यू मुलांना प्रवेशपरीक्षेत मुद्दाम पाडलं जाई. त्यांच्यासाठी वेगळी, अतिशय अवघड उदाहरणं राखून ठेवलेली असत. 1978 साली बेलाबाईंनी अशा मुलांना आपल्या घरी बोलावून वर्ग सुरू केला. चांगले गणितज्ञ येऊन फुकट शिकवायचे. पुढे लोक त्याला ज्यू जनविद्यापीठ म्हणू लागले. बाई स्वतः गणितात नाव असलेल्या, पण त्या वर्गात त्यांनी पत्करलं ते वेगळंच काम. कोण कधी शिकवणार हे ठरवणं, मुलांना आणि शिकवणाऱ्यांना फोन करणं, जागा शोधणं, टिपणांच्या प्रती काढून आणणं. झेरॉक्स यंत्रावर तिथे सरकारची नजर असायची, तरी त्या आणायच्या. आणि मुलं भुकेली राहू नयेत म्हणून सँडविच करून ठेवायच्या. शेकडो मुलं त्या वर्गातून गेली. 1982 साली वर्गाशी जोडलेल्या लोकांना अटक झाली, बाईंना चौकशीला बोलावलं गेलं, आणि सप्टेंबरात रात्रीच्या वेळी रस्त्यावर ट्रकने उडवल्याने त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर तो वर्ग फार काळ चालला नाही. शिकवणारे होते, शिकणारे होते. त्यांना एकत्र आणून बसवणारी गेली.

आमच्यावर कसलीही बंदी नाही, कोणाची भीती नाही. तरी वर्ग मोडतात. मराठवाड्यात असे कितीतरी उपक्रम उत्साहात सुरू झालेले आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत थांबलेले मी पाहिले आहेत. उद्घाटनाला माणसं असतात, फुलं असतात. गोष्ट अडते ती किल्ली असलेला माणूस गावाला गेला म्हणून, किंवा दोन रविवार सुट्टी पडली आणि तिसऱ्या रविवारी वर्ग आहे की नाही हे कोणालाच कळलं नाही म्हणून. खेड्यातून दीड तास प्रवास करून आलेल्या मुलाला एकदा बंद दार दिसलं की तो पुन्हा येत नाही. म्हणून आमचा एकच कडक नियम आहे. शिकवणारा आला नाही तरी खोली उघडायची, मुलांना बसवायचं, मागच्या रविवारचं उदाहरण पुन्हा फळ्यावर लिहायचं. ते लिहायला गणित यावं लागत नाही, म्हणून ते मीही करू शकते.

पैशांबाबत आमचा अनुभव पाटणच्या लेखाशी जुळतो. मोठं दान देऊ करणारे भेटतात. एका सज्जनांनी दोन्ही खोल्यांत भिंतीएवढे डिजिटल फळे बसवून देतो म्हटलं. त्यांचा हेतू चांगला होता. आम्ही विनवलं की त्याऐवजी वर्षभराचं एसटी भाडं द्या. ते त्यांना पटलं नाही. भाड्याचं दाखवायला काही राहत नाही, असं ते म्हणाले. ते खरंच आहे. भाड्याचं काही राहत नाही, मूल येतं आणि जातं. आता आमचं चालतं ते वेगळ्या लोकांवर. एक किराणा दुकानदार दर महिन्याला पोहे आणि शेंगदाणे देतो. झेरॉक्सवाला अर्ध्या दराने कागद काढून देतो आणि रविवारचं काम शनिवारी रात्री बसून करतो. बँकेतले माझे जुने सहकारी पगाराच्या, पेन्शनच्या तारखेला ठरलेली छोटी रक्कम पाठवतात. अडत बाजारातले एक गृहस्थ मोसंबीच्या हंगामात क्रेट पाठवतात. कोणाचीच रक्कम मोठी नाही आणि कोणी एक जण थांबला तर वर्ग थांबत नाही. असे घाणे जितके जास्त तितकं बरं, म्हणून मी ओळखीच्या माणसाकडे मोठी रक्कम मागतच नाही. दर महिन्याची मागते.

पैशाने न सुटणारी एक गोष्ट आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, पुढे कापसाची वेचणी लागते, आणि वर्ग अर्धा होतो. वेचणी किलोवर असते, मुलाचे दोन हात म्हणजे घरात येणारा पैसा. शिवाय रविवारचं ऊन काही वेगळं नसतं, कापूस रविवारीही फुटतो. दसऱ्यानंतर अंबड, घनसावंगी, मंठा इकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांची मुलं काही महिने हरवल्यासारखी होतात. त्यांना कागद पाठवायचा प्रयत्न आम्ही करतो. फोनवर उदाहरणाचा फोटो जातो, कधी फडावरून वहीच्या पानाचा फोटो परत येतो, पान चुरगळलेलं, पण सोडवलेलं. मुलं कामाला जातात म्हणून आम्ही त्यांना किंवा त्यांच्या घराला बोलत नाही. जागा धरून ठेवतो. मार्चमध्ये आलेल्या मुलाला "कुठं होतास" असं विचारायचं नाही, "ये, बस" म्हणायचं.

स्वयंसेवकांमध्ये एक वाद नेहमी चालतो आणि तो चालायलाच हवा. वर्ग परीक्षेसाठी घ्यायचा की नाही? आठवीच्या मुलांना एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातली, सरकारी किंवा अनुदानित शाळेतली मुलं बसू शकतात. महाराष्ट्राच्या वाट्याला 11,682 शिष्यवृत्त्या आहेत, मिळाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. आमच्या मुलांच्या घरात ही रक्कम फार मोठी आहे. तेवढ्यावर मुलीचं लग्न दोन वर्षं पुढे ढकललेलं मी पाहिलं आहे. त्यामुळे तयारी करून घ्यायची नाही असं म्हणायचा मला अधिकार नाही, आणि आम्ही ती करून घेतो. दुसऱ्या टोकाला गणित ऑलिम्पियाड आहे. 2024 साली भारताचा संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेत चौथा आला, चार सुवर्णपदकं मिळाली. तिथे जाणारी पहिली पायरी जालन्यातल्या मुलालाही चढता येते. मग मार्गदर्शनासाठी पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी 1976 साली स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानासारखी जागा लागते, आणि पुणे इथून सुमारे तीनशे किलोमीटर आहे. आमच्या इंजिनिअरला वाटतं की चार हुशार मुलं निवडून त्यांच्यावर सगळी मेहनत घ्यावी, एक तरी वरपर्यंत पोचेल.

मी त्याच्या विरुद्ध आहे आणि बैठकीत तसं बोलते. असर या शिक्षणविषयक पाहणीत 2023 साली ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला दिलं, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांना ते जमलं नाही. अशी मुलं आमच्याकडेही येतात. नववीतला मुलगा भागाकार करताना हात आखडतो आणि ते लपवायला शेजाऱ्याच्या वहीत पाहतो. निवड लावली की पहिल्या रविवारी तोच बाहेर जाईल. गुंठा ओळखणारा घनसावंगीचा मुलगा अशाच मुलांपैकी होता. त्याला भागाकार येत नव्हता, 33 गुणिले 33 पाठ होतं. निवड परीक्षेत तो बसला नसता. म्हणून आम्ही दुसऱ्या खोलीत भागाकार घेतो, आणि 1089 सारखे खेळ दोन्ही खोल्यांत एकत्र घेतो. इंजिनिअरला ते अजून पूर्ण पटलेलं नाही, पण भागाकाराची खोली तोच घेतो आणि चांगली घेतो.

या वर्षी आमच्या सुरुवातीच्या तुकडीतली भोकरदनकडची एक मुलगी शिकवायला आली. जालन्यात बी.एस्सी.ला आहे, गणित घेऊन. रविवारी घरून येते, खोलीचं भाडं परवडत नाही म्हणून हॉस्टेलला राहत नाही. दोन-तीन रविवार झाल्यावर मला बाजूला घेऊन तिने विचारलं, "काकू, पोरांना भाडं मिळतं तसं मला घेतलं तर चालंल का?" तिला फार अवघड झालं होतं. बैठकीत विषय काढला तेव्हा दोघे म्हणाले, स्वयंसेवकाने पैसे घेऊ नयेत, उद्या कोणीही मागेल. त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं. पण ज्याच्याकडे स्वतःची मोटारसायकल आहे आणि पगार आहे त्याने फुकट शिकवणं आणि जिने आठवड्याच्या डब्यातून भाडं वाचवून यायचं तिने फुकट शिकवणं, ही एकच गोष्ट नाही. फक्त पहिल्यालाच जमेल असा नियम केला, तर शिकवणारे नेहमी शहरातलेच राहतील आणि खेड्यातली मुलं नेहमी शिकणारीच. हे मी सांगितलं, गुरुजींनी दुजोरा दिला, आणि ठरलं. आता खर्चाच्या वहीत शिकवणाऱ्यांच्या भाड्याचा वेगळा रकाना आहे. किराणा दुकानदाराला हे कळल्यावर त्याने पोह्यांबरोबर त्या रकान्यात दरमहा थोडे पैसे घालायचं कबूल केलं.

ती आठवीची खोली घेते. कापरेकरांचा खेळ तिने तीन अंकी आणि चार अंकी संख्यांवर घेतला आहे. मुलांनी विचारलं की पाच अंकी संख्या कुठे जाऊन थांबतात. तिला उत्तर ठाऊक आहे, तिने सांगितलेलं नाही. येत्या रविवारी सगळ्यांनी मिळून शोधायचं आहे. वजाबाक्या पुष्कळ कराव्या लागतील, म्हणून पाठकोऱ्या कागदांचा एक गठ्ठा मी बँकेतून मागून आणला आहे.